भिशी फुटली तर

शनिवार, २८ जून २०१४

काल शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी संपली. पोरांना उकडलेले बटाटे वाढत आयुष्य गेलं, आता घरी बसून स्वतःचे उकडायचे. ही वही तिथल्या बायकांनी भेट दिली. म्हणाल्या, "नेट्टा, आता वेळच वेळ आहे, मनातलं लिहीत जा." मी म्हटलं, मनातलं मी तोंडाने बोलून टाकते, लिहायला काय उरणार? तरी बसलेय लिहायला.

आर्चीने खांद्यावरून डोकावून विचारलं, "यात मी आहे का?"

"जेवायला वेळेवर आलास तर असशील."

नवरा वही वाचणार हे पहिल्याच दिवशी कळलं ते बरं झालं.

माझं पेन्शन नोव्हेंबरात सुरू होईल. खरं तर साठीला मिळायचं होतं, ते लंडनवाल्यांनी बासष्टीवर ढकललं. आणि मध्येच हे आलंय: अठरा सप्टेंबरला मतदान, स्कॉटलंडने स्वतंत्र व्हायचं की नाही. झालंच स्वतंत्र, तर माझं पेन्शन कोण देणार? इतकी वर्षं माझ्या पगारातून पैसे कापून घेतले ते लंडनने. लंडन म्हणणार, जा एडिंबराकडे. एडिंबरा म्हणणार, आमच्याकडे कुठे भरले होतेस? मी तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली.

आर्ची पक्का 'हो'वाला. त्याला पासष्टीपासून मिळतंय, त्याला काय! म्हणाला, "तुझं पेन्शन मी देईन."

"कशातून?"

"माझ्या पेन्शनमधून."

अशा माणसाशी मी लग्न केलं.

शुक्रवार, ४ जुलै

आज नवी भिशी सुरू झाली. आम्ही बारा जणी, दर शुक्रवारी प्रत्येकीने वीस पौंड आणायचे, दर आठवड्याला एकीने सगळे उचलायचे. आधी आई चालवायची, आता मी. तोच बिस्किटांचा डबा, झाकणावर सांबर. आमच्या ग्रीनॉकमध्ये एखादा माणूस अगदीच बिनकामाचा असेल तर म्हणतात, याला साधी भिशी चालवता यायची नाही. आमच्या घराण्यावर ही पाळी कधी आलेली नाही.

पहिला नंबर चालवणारीचा, ही रीतच आहे. मी नवी शेगडी घेतली. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या आर्चीच्या टोपीत टाकल्या.

इसा मावशीला दोन नंबर आला. इसा मावशी म्हणजे आईची मैत्रीण, साखरेच्या कारखान्यात दोघी एका पाळीला होत्या. आता एकोणऐंशी वर्षांची आहे. दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाच्या काचेत एक जुनी लाल स्कूटर आहे, म्हाताऱ्यांची असते ती, चार चाकांची, बॅटरीवरची, पुढे टोपली. मावशीला ती घेऊन किनाऱ्याच्या रस्त्यावर फिरायचंय. आमच्या गावात सगळं चढ-उतार, तीन वर्षांत तिने धड समुद्र पाहिलेला नाही. म्हणजे पुढच्याच शुक्रवारी तिचं काम झालं असतं.

पण रोनाला बारावा, शेवटचा नंबर आला आणि तिचं तोंड उतरलं. रोना वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, घरात तीन पोरं, धुण्याचं मशीन बंद पडलेलं, कपडे न्हाणीत तुडवून धुते.

इसा मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. (चष्मा बदलायला झालाय तिचा.) मग म्हणाली, "रोना, माझा दोन तू घे. तुझा बारा मला दे. मला घाई नाही."

मी म्हटलं, "मावशी, तुझ्या वयात शेवटचा नंबर कुणी मागतं का?"

"माझ्या वयाचं मी बघते. तू चहा टाक."

दुकानवाली सप्टेंबरअखेरपर्यंत स्कूटर राखून ठेवेल म्हणे. शेवटचा शुक्रवार येतो एकोणीस सप्टेंबरला, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी. म्हातारपणी माणसाला व्यवहार कळेनासा होतो हेच खरं.

नियम केला: भिशीच्या दिवशी मतदानाचा विषय काढायचा नाही. काढेल तिला एक पौंड दंड.

गुरुवार, १७ जुलै

पेन्शनच्या चौकशीच्या नंबरावर फोन केला. अर्धा तास सनई का काय ते ऐकवलं. मग एक मुलगी आली, आवाजाने गोड होती.

मी विचारलं, "माझे भरलेले पैसे नेमके कुठल्या इमारतीत ठेवलेत? लंडनमध्येच ना? की न्यूकॅसलच्या पेन्शन कचेरीत?"

ती हसली. म्हणाली, "अशी इमारत नसते हो बाई."

मी म्हटलं, "इमारत नाही तर पैसे कुठे आहेत?"

म्हणाली, आलेले पैसे लगेच देण्यात जातात.

आडून आडून बोलत होती. काहीतरी लपवतायत. आर्चीला सांगितलं तर तोही हसला. तो हसला की मला राग येतो.

शनिवार, २ ऑगस्ट

आर्चीने बैठकीच्या खिडकीत 'हो'चा निळा कागद लावला. मी बाजारात जाऊन आले आणि आमच्याच दुसऱ्या खिडकीत 'नको, आभारी आहोत' असा कागद लावला. पोस्टमन म्हणाला, "तुमच्या घरात पत्र कुठल्या बाजूने टाकू?"

भिशीत अजून शांतता आहे. दंडाचे चार पौंड जमले, त्यातले तीन माझेच. पण ते मी फक्त चुका दुरुस्त करण्यासाठी बोलले होते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

मंगळवारी टीव्हीवर दोन पुढारी स्वातंत्र्यावरून दोन तास भांडले. आज पहिल्या घोटालाच मी एवढंच म्हटलं की चलन कुठलं, पेन्शन कुठून, एकाचंही धड उत्तर नाही, साधी भिशी चालवता यायची नाही यांना. आणि दंडाचा पौंड आधीच टेबलावर ठेवून म्हटलं!

रोना रात्रपाळी करून न झोपताच आलेली. कप खाली ठेवून म्हणाली, "नेट्टा, तुझं पेन्शन-पेन्शन ऐकून माझे कान किटले."

"तुला काय गं, तुझं पंचवीस वर्षांनी. माझं नोव्हेंबरात आहे. तुमच्या 'हो'ने माझ्या तोंडचा घास जाणार."

"तुझा घास? तो घास कुणाच्या पगारातून येतो माहीत आहे? माझ्या! तुझं पेन्शन कुठल्या तिजोरीत ठेवलेलं नाही. दर महिन्याला माझ्या पगारातून कापतात आणि तुमच्यासारख्यांना देतात. राजधानी लंडन असो नाहीतर एडिंबरा, रात्रपाळी मीच करणार आहे."

"म्हणजे तू माझ्यावर उपकार करतेस होय?"

"हिशेब सांगतेय."

"हिशेब मला शिकवू नकोस. माझ्या आईपासून आमच्या घरात भिशी आहे."

"तुझ्या आईला जमत होतं," रोना म्हणाली. "तुला भिशी चालवता येत नाही."

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या आईच्या डब्यासमोर!

मी म्हटलं, "दार तिकडे आहे."

ती गेली. तिच्यामागून तिघी गेल्या. त्यातली डोलिना जाताना केक घेऊन गेली.

इसा मावशी राहिली. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "एक पौंडात पुष्कळ बोललीस."

शुक्रवार, १५ ऑगस्ट

चार खुर्च्या रिकाम्या. आज पेगीचा नंबर होता आणि ऐंशी पौंड कमी पडले. ते मी शाळेने निरोपाला दिलेल्या पाकिटातून घातले. पेगीला कळू दिलं नाही. आईच्या डब्यातून कुणी कमी घेऊन गेलेलं नाही, माझ्या हयातीत जाणारही नाही. पण पाकिटात आता काही उरलं नाही. पुढच्या शुक्रवारचं काय? आणि शेवटच्या शुक्रवारी इसा मावशीचं काय? सगळ्यांची उचलून झालेली असेल, तिचीच तेवढी राहील. तिने अकरा आठवडे भरायचे आणि स्कूटर काचेतच राहायची. मला रडूच येत होतं.

त्यात डोलिनाचा निरोप आला: आमच्यातल्या दोघींचा नंबर अजून लागलेला नाही, त्यांनी भरलेले पैसे परत दे, आम्ही रोनाकडे वेगळी भिशी काढतोय.

मी आर्चीसमोर थयथयाट केला. "परत दे म्हणे! कुठून देऊ? ते काय डब्यात पडलेत? ते रोनाच्या मशीनमध्ये गेले, माझ्या शेगडीत गेले, पेगीच्या गालिच्यात गेले! डब्यात कधी काही नसतं! शुक्रवारी येतं, शुक्रवारी जातं. भिशी म्हणजे डबा नव्हे, दर शुक्रवारी येणाऱ्या बायका म्हणजे भिशी! एवढंही कळत नाही त्यांना?"

आर्चीने पेपर खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "हेच त्या फोनवाल्या मुलीला सांग."

"तिचा इथे काय संबंध?"

"काही नाही. राहू दे."

शनिवार, १६ ऑगस्ट

साखरेच्या वड्या करून रोनाकडे गेले. तिचं घर टेकडीच्या पार वर, पोचेपर्यंत माझा जीव गेला. तिने दार अर्धंच उघडलं.

"माफी मागायला आलीस?"

"वड्या द्यायला आले."

"मग दे."

दिल्या. मागे तिचं ते नवं मशीन एवढ्या जोरात फिरत होतं की पुढचं धड ऐकूही येत नव्हतं. मी ओरडून म्हटलं, "तुझी उचलून झालीय, आता भर!" ती ओरडली, "काय?" मी म्हटलं, "भर!" ती म्हणाली, "पाणी आपोआप भरतं!" शेवटी मशीन थांबलं तेव्हा दोघींचाही आवाज चढलेलाच होता, शेजारीण बाहेर आली.

रोना म्हणाली, "तुझ्या स्वयंपाकघरात मी पाय ठेवणार नाही. ऐकलंस?"

ऐकलं. उतरताना गुडघे दुखले आणि त्याहून जास्त अभिमान दुखला. वड्यांचा डबाही तिच्याकडेच राहिला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आश्चर्य! इसा मावशी धापा टाकत आली, पर्स उघडली आणि विसाच्या चार नोटा टेबलावर ठेवल्या. शिवाय मागच्या शुक्रवारच्या चार.

"हे काय?"

"त्या चौघींचे. तुझ्या घरात येणार नाहीत, पण माझ्या हातात द्यायला त्यांना लाज वाटत नाही. दर शुक्रवारी मी वर जाऊन घेऊन येईन."

"एवढी टेकडी चढून? मावशी, बस आहे ना!"

"बस रोनाच्या दारात थांबत नाही. चहाबरोबर स्कोन आहेत का? दोन दे."

कशी का होईना, भिशी वाचली. तरी मला वाटतं, तिने फोन केला असता तर त्या चौघींनी पाकिटं पोस्टाने पाठवली असती. हे तिला सुचतच नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज बटाटे सोलताना एकदम त्या फोनवाल्या मुलीचं हसणं आठवलं. 'आलेले पैसे लगेच देण्यात जातात.' आणि माझा डबा डोळ्यांसमोर आला. हातातला बटाटा खाली पडला. मी खुर्चीवर बसले आणि आर्चीला हाक मारली.

"आर्ची, माझं पेन्शन कुठेच नाहीये."

"नाहीये."

"मग मला देणार कोण?"

"रोना. आणि तिच्यासारख्या."

"आणि मी इतकी वर्षं भरलं ते कुणाला गेलं?"

"तुझ्या आईला. इसा मावशीला. थोडं मलाही."

म्हणजे एकोणीस वर्षं इसा मावशीचे जॅम भरलेले डोनट माझ्या पगारातून येत होते! आणि ती मला कधी एक अख्खा देत नाही!

मग खरा प्रश्न लंडन की एडिंबरा हा नाहीच, रोनासारख्या किती राहणार हा आहे. इथली तरणी पोरं कामाला बाहेर जातात. माझी स्वतःची मुलगी ऑस्ट्रेलियात आहे, तिथल्या कुठल्यातरी म्हातारीचं पेन्शन भरतेय. ती म्हातारी कोण आहे देव जाणे, तिने निदान ख्रिसमसचं कार्ड तरी पाठवावं.

'हो'वाले म्हणतात, स्वतंत्र झालो तर पोरं इथेच राहतील. 'नको'वाले म्हणतात, मोठ्या देशात भरणारे जास्त. दोघांचंही मला पटतंय, आणि ही फार वाईट अवस्था आहे. खिडकीतला कागद मात्र काढलेला नाही. आर्चीसमोर नमतं घ्यायचं म्हणजे काय!

शनिवार, १३ सप्टेंबर

नवं संकट. इसा मावशीचा गुडघा गेला. काल पैसे आणून दिल्यावर घरी जाताना म्हणे पाय मुरगळला. आज बघायला गेले तर पलंगावर, गुडघ्याला ही एवढी पट्टी.

"आता टेकडी चढणं होणार नाही गं मला," म्हणाली. "येत्या शुक्रवारी त्या चौघींना स्वतःच यावं लागेल."

"मी जाऊन आणते ना मावशी."

"नको. तू गेलीस तर परत मशीन चालू करतील. आणि हे बघ, पैसे तुझ्याच स्वयंपाकघरात मोजले गेले पाहिजेत, आईच्या डब्यात. नाहीतर मी घेणार नाही."

"आणि त्या आल्याच नाहीत तर? मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी? कुणीतरी हरलेलं असणार गं!"

"मग स्कूटर राहिली," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मला इतकं वाईट वाटलं. जॅम लावून पाव दिला.

सोमवार, १५ सप्टेंबर

पुन्हा मावशीकडे गेले. आज पट्टी उजव्या गुडघ्याला होती, शनिवारी डावीकडे होती असं मला वाटत होतं. बहुतेक दोन्ही दुखत असतील. या वयात एकाचं दुसऱ्यावर येतंच.

डोलिना जिन्यात भेटली, मावशीला बघायलाच आलेली. एकमेकींना हवामान सांगितलं. हवामान दोघींनाही दिसत होतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मत दिलं. मतदान माझ्याच शाळेत होतं, जेवणाच्या खोलीत. मी आणि आर्ची हातात हात घालून गेलो. दारात 'हो'वाले नि 'नको'वाले दोघेही उभे, दोघांनी मला बिस्किट दिलं. रांग एवढी की इतकी माणसं मी त्या खोलीत पुडिंगच्या दिवशीही पाहिली नव्हती.

पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. मागे कुणीतरी खोकलं. मग मी फुली मारली. कुठे मारली ते इथे लिहीत नाही, आर्ची वाचतो.

घरी येताना त्याने विचारलं, "पेन्शनला दिलंस ना मत?"

म्हटलं, "रोनाला दिलं."

"म्हणजे कुणाला?"

"तेच तर मलाही कळेना."

शुक्रवार, १९ सप्टेंबर

'नको' जिंकलं. आमच्या भागात तर जवळजवळ बरोबर अर्धे-अर्धे, फरक फक्त शहाऐंशी मतांचा. म्हणजे रस्त्यात दिसणारा दर दुसरा माणूस आज दुखावलेला.

आर्चीने अंडं फोडलंच नाही, नुसता चमच्याने टकटक करत बसला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालाही, थोडासा, केस विंचरेपर्यंत टिकला. मग मी खिडकीतला माझा कागद आधी काढला आणि त्याच्या कागदाला हात लावला नाही. तो बघत होता. म्हणाला, "चहा करू का तुला?" तीस वर्षांत दुसऱ्यांदा.

तीनला भिशी. पावणेतीनला मी बारा कप मांडले, मग पाच आत ठेवले, मग परत बाहेर काढले. पेगी आली, मग आणखी पाच जणी. सगळ्या 'नको'वाल्या, आणि कुणी हसत नव्हती. मी बजावून ठेवलं होतं, आज जी फुशारकी मारेल तिला पाच पौंड दंड.

सव्वातीनला दार वाजलं. डोलिना. डोळे सुजलेले. नोट ठेवली आणि बसली. तिच्यामागे दुसऱ्या दोघी. मी कप पुढे केले.

साडेतीन झाले. रोना नाही. डब्यात दोनशे पौंड, दहा जणींचे. इसा मावशीचे वीस आणि रोनाचे वीस राहिलेले. मावशी स्वतः कशी येणार? मी माझी पर्स शोधायला उठले आणि दार उघडलं.

रोना. रात्रभर मतमोजणीच्या बाहेर उभी होती म्हणे. गालावर निळा रंग, पुसून कानापाशी गोळा झालेला. हातात माझा वड्यांचा डबा.

तिने डबा ठेवला. वर विसाच्या दोन नोटा ठेवल्या. "एक माझी. एक इसा मावशीची, काल तिने दिली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी शब्द तिला दिला होता. तुला नाही. एका दिवसात मला दोनदा हरायचं नाही."

माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं. त्यातलं एकच बाहेर पडलं. "साखर किती?"

"दोन."

आमच्या दोघींत एवढं बोलणं झालं म्हणजे पुष्कळ झालं.

मग आम्ही अकरा जणी डबा घेऊन मावशीकडे निघालो. कुणी ठरवलं नव्हतं, सगळ्याच उठल्या. उतारावर पेगीने डोलिनाचा हात धरला होता, रस्ता ओला होता म्हणून.

दार वाजवायच्या आत उघडलं. इसा मावशी कोट घालून, टोपी घालून, पर्स हातात घेऊन उभी. "किती उशीर! दुकान पाचला बंद होतं."

मी म्हटलं, "मावशी, गुडघा?"

"कुठला?" ती म्हणाली आणि पायऱ्या उतरूनही गेली.

पैसे बघितले की माणसाला बरं वाटतंच. पण रोना जिन्यातच बसून एवढी का हसत सुटली, ते मला कळलं नाही. रात्रभर जागी होती बिचारी.

शनिवार, २० सप्टेंबर

इसा मावशी लाल स्कूटरवरून किनाऱ्याच्या रस्त्याने गेली. पाण्यावर ऊन होतं, पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसत होते. आम्ही बाकावर बसून बघत होतो. दोनदा गेली, दोनदा आली, एका कुत्र्याला आणि दोन पाद्र्यांना बाजूला व्हायला लावलं. बारा आठवड्यांचे वीस-वीस पौंड माझ्या डोळ्यांसमोरून भुर्रकन जात होते. मी रडले. आर्चीने रुमाल दिला, तो मळका होता, तरी घेतला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नवी भिशी. आता सोळा जणी! प्रचारात दारोदार फिरताना त्या चौघींच्या ओळखी झालेल्या, त्या सगळ्यांना घेऊन आल्या. खुर्च्या शेजारून आणल्या. रोना स्वयंपाकघरात आली, पाय ठेवला, दोन्ही.

चिठ्ठ्या काढल्या. इसा मावशीला तेरावा आला, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या आधीचा, ज्यासाठी सगळ्या देव पाण्यात घालून बसलेल्या. आणि बाईने तो एका नव्या मुलीला देऊन टाकला! शेवटचा घेतला, जानेवारीतला, जेव्हा कुणाला कशाचीच हौस नसते.

मी कपाळाला हात लावला. "मावशी, तू ऐंशीची होशील तोवर!"

"मला घाई नाही. माझा शेवटचा असला की तोवर तुम्हाला यावंच लागेल ना गं सगळ्यांना."

एकटेपणाच, दुसरं काय. मी म्हटलं, "अगं, तुला भेटायला आम्ही कधीही येऊ, त्याला भिशी कशाला हवी?"

ती "हो का," म्हणाली आणि डोनट घेतला. रोना मावशीकडे बघत राहिली आणि मग डोळे पुसायला लागली. कांदा तर मी चिरत होते, खिडकीपाशी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पेन्शन आलं! सकाळी आर्चीला घेऊन बँकेत गेले आणि यंत्रात डोळ्यांनी पाहिलं. एक वीसची नोट काढली, कोरी करकरीत, घडी न घालता घरी आणली.

दुपारी पावसात सोळाही आल्या. इसा मावशीची स्कूटर फाटकात अडकली, सहा जणींनी उचलून आत घेतली. मावशी वरच बसलेली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी ती नोट डब्यात टाकली नाही. रोनासमोर धरली. सगळ्या बघत होत्या. मी रात्रीपासून चांगली चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

"रोना, पेन्शन आलं. आभारी आहे."

"मला काय म्हणतेस?"

"तूच भरलंस. ही नोट तुझ्या रात्रपाळीची आहे. मला कळायला उशीर झाला, आणि मी त्यावरून तुला दार दाखवलं. चुकलं माझं."

रोनाने नोट घेतली, उजेडात धरून उलटसुलट पाहिली, आणि डब्यात टाकली.

"पेन्शनचं पुढे काय होईल मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण भिशी बरी चालवतेस."

मी पाठ वळवली आणि नळाखाली किटली धरली. पाणी वाहून बाहेर आलं तेव्हा लक्षात आलं की ती आधीच भरलेली होती.